नोकरी, घर आणि पंचगंगा: पूरभागात राहून नदीचं काम कसं करावं?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. २०२१ च्या पुरात कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं पाणी तुमच्या गल्लीत शिरलं, तेव्हापासून पंचगंगेसाठी काहीतरी करावं असं तुम्हाला वाटतंय. बँकेतली नोकरी, लहान मुलगी आणि "नदीचं बघायला सरकार आहे की" म्हणणारे सासरे, यातून वेळ कसा काढायचा, हा पहिला. नदी वाचवण्याच्या कामात पडायचं की पूरग्रस्तांच्या मदतीला जायचं, हा दुसरा. आणि एकट्यादुकट्या माणसाच्या करण्यानं काही होतं का, हा तिसरा, जो तुम्ही शेवटी हळूच विचारलाय.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. नोकरी, दोन मुलं आणि सासूबाईंचं आजारपण हे सगळं चालू असतानाच नदीचं काम केलं. आमचं घरही पूररेषेतच आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. नदीचं काम आणि पुराचं काम वेगळं धरूच नका. मार्च-एप्रिलमध्ये रात्री कुणीतरी डंपर आणून नाल्याच्या काठावर राडारोडा ओततं. मे महिन्यात तिथं सपाट जागा दिसायला लागते, पत्र्याचं शेड उभं राहतं. जुलैत नाल्याला जायला जागा उरत नाही आणि ते पाणी तुमच्या उंबऱ्यावर येतं. राडारोडा पडत असताना त्याचा फोटो काढून अर्ज देणं हे नदीचं काम आणि उंबऱ्यावरच्या पाण्यातून शेजारच्या आजींना बाहेर काढणं हे पुराचं काम, असं म्हटलं तरी दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे. म्हणून माझं उत्तर असं, की सुरुवात आपल्या गल्लीपासून आणि आपल्या नाल्यापासून करा, आणि ती उन्हाळ्यात करा.

सगळ्यात आधी तुमच्या गल्लीचा आकडा काढा. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण ३९ आणि ४३ हे सगळ्या शहरासाठी ठरवलेले आकडे आहेत. सुतारवाड्यात पाणी लवकर येतं, दुसऱ्या एखाद्या भागात पुष्कळ उशिरा येतं. बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं आणि किती फुटांना ते पहिल्या घरात शिरतं, हे दोन आकडे गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

ते काढायला यंत्र लागत नाही, जुनी माणसं लागतात. आमच्या सासूबाई १९८९ चं पाणी कुठवर आलं होतं ते देवघराच्या कोनाड्यावर बोट ठेवून दाखवायच्या. २००५ नंतर आम्ही भिंतीत खिळा ठोकला, २०१९ ला त्याच्या बराच वर दुसरा, २०२१ ला तिसरा. खिळा म्हणजे शेवटची पातळी. त्याआधीची वाटचाल वहीत लिहायची: तारीख, वेळ, बंधाऱ्याची पातळी आणि त्या वेळी गल्लीत पाणी कुठं होतं. "नाल्याच्या पुलाच्या कठड्याला लागलं", "पहिल्या घराची दुसरी पायरी", "विजेच्या मीटरची पेटी". एवढंच लिहायचं. एकाच पावसाळ्यात तुमच्या हाताशी अशी माहिती येते जी कुठल्याच कचेरीत नसते. तासाला पाणी किती इंचांनी चढतंय हे कळलं की घर आवरायला किती वेळ आहे तेही सांगता येतं.

हे काम तुमच्या सासऱ्यांना द्या. मनापासून सांगतेय. जन्मभर त्या गल्लीत राहिलेल्या माणसाला "बाबा, एकोणनव्वदला पाणी कुठवर होतं?" असं विचारून बघा. जो माणूस "नदीचं बघायला सरकार आहे" म्हणतो, त्याच्याजवळ सहसा खूप काही सांगण्यासारखं असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. आमच्या घरातला विरोध समजावून सांगण्यानं कमी झाला नाही. सासूबाईंच्या आठवणींना गल्लीत मान मिळाला, लोक पातळी विचारायला त्यांच्याकडे यायला लागले, तेव्हा तो गेला. पुढं पुढं मी शाळेतून आले की चहाच्या आधी त्याच मला बंधाऱ्याचा आकडा सांगायच्या.

आता थोडं पाण्याबद्दल, कारण हे समजलं नाही तर आकड्याचा अर्थ लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), म्हणजे सातांतून साधारण दहा हजार क्युसेक पाणी बाहेर पडतं. दहा हजार क्युसेक दिवसभर चालू राहिलं तर एक टीएमसीला (शंभर कोटी घनफुटांना) थोडं कमी पाणी होतं. पण फक्त दरवाज्यांकडे बघून चालत नाही. धरणांच्या खालच्या भागातही पाऊस कोसळत असतो आणि त्याला अडवायला कुठलाच दरवाजा नसतो. शिवाय खाली कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फूग येते. तुमच्या गल्लीत जे आलं ते नुसतं नाल्यातून नदीकडे जाणारं पाणी नव्हे. नदीही नाल्यात उलटी शिरली. म्हणून डोक्यावर पाऊस नसताना, अगदी ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं आणि लोक फसतात. वहीत ऊन-पावसाचीही नोंद करा.

पूररेषेचा नकाशा बघून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या ते लाल रेषेपर्यंतचं नियंत्रित. "शंभर वर्षांतून एकदा" हे ऐकून लोक निर्धास्त होतात, तिथंच घोटाळा आहे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला हे गणित पटेल. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर तेवढ्या काळात लाल रेषेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के येते, आणि निळ्या रेषेवरच्या घराला सुमारे ७० टक्के. हा हिशोबसुद्धा पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असं धरून केलेला. आपण तर २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत बघितले. कर्ज मागायला आलेल्या माणसाला "प्लॉट पूररेषेत आहे का बघून घेतलंत का?" एवढं जरी तुम्ही आपणहून विचारलंत तरी ते नदीचं काम आहे, आणि त्यासाठी रजा लागत नाही.

अलमट्टीबद्दल, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाबद्दल, तुम्हाला लोक हमखास विचारतील. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. आपल्याकडच्या अनेक कार्यकर्त्यांना आणि अभ्यासकांना ते मान्य नाही आणि तो वाद व्हायलाच हवा, कारण दोन राज्यांत धरणांच्या पाण्याचा मेळ बसलाच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की तो वाद घालत बसलेल्या कट्ट्यामागचाच ओढा बुजलेला मी बघितलाय. अलमट्टीच्या दरवाज्यांपर्यंत तुमचा-माझा हात पोचत नाही. नाल्यातल्या भरावापर्यंत पोचतो.

दुसरं काम यादीचं, आणि हे मी सगळ्यात मोलाचं मानते. गल्लीतल्या प्रत्येक घराची एक ओळ. घरात माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, गरोदर बाई, तान्हं मूल, इन्सुलिन किंवा डायलिसिसवर असलेलं कुणी, जनावरं किती, घराला वरचा मजला आहे का, पाणी आलं तर जाणार कुठं आणि गावाबाहेरच्या कुठल्या नातेवाइकाला फोन करायचा. ही माहिती फॉर्म वाटून मिळत नाही. संध्याकाळी दारात बसून, चहा घेऊन मिळते. एका घरातल्या मावशी कुठल्याच पुरात हलायला तयार नसायच्या. सगळे त्यांना हट्टी म्हणायचे. बसून बोलल्यावर कळलं, त्यांना रात्री बाथरूमला सोबत लागते आणि शाळेतल्या निवारा केंद्रात बायकांची सोय लांब, अंधारात होती. पुढच्या वेळी आम्ही त्यांच्यासाठी केंद्राच्या खालच्याच मजल्यावर, दाराजवळची जागा आधीच ठरवली. त्या पहिल्या गाडीत बसल्या. ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत त्यांचंही तसंच. जनावर कुठं बांधायचं आणि वैरण कोण देणार हे ठरल्याशिवाय माणूस घर सोडत नाही, आणि त्यात चूक काहीच नाही, त्याचं पोट त्या गोठ्यावर चालतं.

पूर आल्यावर काय करायचं? आधी स्वतःचं घर. हे ऐकायला स्वार्थी वाटेल, पण ज्या स्वयंसेवकाचं मन घरातल्या माणसांत अडकलंय तो दुसऱ्याच्या कामाला येत नाही. २०१९ ला मी मुलांना आणि सासूबाईंना नणंदेकडे पोचवलं, गॅसचं सिलिंडर बंद करून वर बांधलं, मेन स्विच पाडला, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि मग केंद्रावर गेले. तुमची मुलगी लहान आहे. तुमच्या गल्लीच्या आकड्याला अजून दोन-तीन फूट बाकी असतानाच तिला हलवा.

बोटीत बसून लोकांना काढायला जाऊ नका. तुमच्या वयाच्या सगळ्यांना तेच करावंसं वाटतं, आणि माझा त्याला ठाम नकार आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कितीतरी घरं उजाड झाली. पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा असतात, विजेच्या वायरी असतात, उघडी गटारं असतात, आणि प्रवाह वरून दिसतो त्यापेक्षा खाली कितीतरी जोरात असतो. बोटीचं काम एनडीआरएफचं, अग्निशमन दलाचं, आणि आपल्याकडच्या तरबेज पोहणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या पथकांचं. तुम्ही काठावर यादी घेऊन उभ्या राहा. बोटीवाल्यांना "तिसरं घर, वरचा मजला, एक आजोबा, ऑक्सिजनवर" असं सांगणारं माणूस काठावर असलं की बोट फिरत राहत नाही, नेमकी जाते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर प्रत्येक घराच्या दारामागं लिहून ठेवा. कुंभार गल्लीसारख्या भागात तर पूर गणपतीच्या तोंडावर येतो, वर्षाची कमाई मूर्तींत अडकलेली असते. तिथं वेळेवर मूर्ती उचलायला चार हात मिळणं ही फार मोठी मदत असते.

निवारा केंद्रात काय लागतं हेही सांगते. २०१९ ला जुन्या कपड्यांचे ढीग पडले, साड्यांचे गठ्ठे पावसात भिजून कुजले, आणि बायकांना आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड मागायची लाज वाटत होती. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या संपल्या होत्या. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळे चहूकडे पाणी आणि प्यायला टँकरची वाट, अशी शहराची स्थिती होती. महामार्ग शिरोलीजवळ बंद झाल्यानं बाहेरून येणारा माल अडकला. म्हणून औषधं, पिण्याचं पाणी आणि पॅड यांची तजवीज जूनमध्येच गल्लीत हवी.

पूर ओसरल्यावर टीव्हीचे कॅमेरे जातात, मदतीच्या गाड्या कमी होतात, आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. गाळ ओला आहे तोवरच काढायचा. एकदा वाळला की फरशीला असा चिकटतो की टिकावानंही निघत नाही. पाणी उतरत असतानाच, घोटाभर असताना, त्याच पाण्यानं गाळ ढवळत खराट्यानं बाहेर लोटत न्यायचा, म्हणजे निम्मं काम पाणीच करतं. मात्र त्याआधी फोटो. प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट, भिजलेल्या वस्तूंचा. पंचनाम्याला येणारा माणूस चार-आठ दिवसांनी येतो आणि स्वच्छ घर बघून "तुमचं फारसं नुकसान दिसत नाही" म्हणतो. भिजलेली कागदपत्रं उन्हात टाकू नका, चिकटलेली ओली पानं ओढून सोडवायला जाऊ नका. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरा कागद घालून वाळवा. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय गाळात उतरायचं नाही, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर अंगावर न काढता डॉक्टरकडे जायचं आणि "पुराच्या पाण्यात काम केलंय" हे आपणहून सांगायचं. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार वेळेवर ओळखला तर बरा होतो.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. पुरानंतरच्या महिन्यात स्वयंसेवकाला फार एकटं वाटतं. झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते, साध्या गोष्टीला रडू येतं. मी धडधाकट शिक्षकांना, वीस-बावीस वर्षांच्या पोरांना तसं झालेलं बघितलंय. त्या दिवसांत एकमेकांच्या घरी जेवायला जा, काम सोडून इतर बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशी बोला.

वेळेबद्दल माझा अनुभव असा की जो दर आठवड्याला थोडं करतो तो टिकतो, आणि जो सगळं झोकून देतो तो दुसऱ्या पावसाळ्याला दिसत नाही. मुलगा दहावीला होता त्या वर्षी मी एकाही बैठकीला गेले नाही. वही दुसऱ्या बाईंकडे दिली. त्यांनी ती माझ्यापेक्षा नेटकी ठेवली आणि अजून त्याच ठेवतात. कुणाच्या तरी हाती काम देता येईल अशा पद्धतीनंच ते पहिल्या दिवसापासून करा. मुलीला मात्र बरोबर न्या. पूर नसताना, हिवाळ्यात, घाटावर. नदी म्हणजे फक्त भीती असं तिच्या मनात बसू देऊ नका.

भरावाविरुद्ध अर्ज केलात की दबाव येईल. आमच्या घरी ओळखीतलाच एक माणूस येऊन "बाई, तुम्हाला काय पडलंय?" असं गोड बोलून, पण घराकडे नीट बघून गेला होता. त्या रात्री आमचे मिस्टर झोपले नाहीत. त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. अर्ज कधी एकटीच्या नावानं जात नाही, गल्लीतल्या दहा-बारा सह्यांनी जातो. फोटोवर तारीख असते, सर्व्हे नंबर असतो, कुणा माणसावर आरोप नसतो, फक्त "या ठिकाणी नाल्यात भराव पडला आहे" एवढंच असतं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात त्याच अर्जाचं काय झालं ते विचारतो. कुठल्याच पक्षाचा फलक आमच्या बैठकीत लागत नाही, सगळ्या पक्षांची माणसं मात्र येतात.

प्रदूषणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो विषय निघेलच. नाल्याचं सांडपाणी, केंदाळ, खाली इचलकरंजीत २०१२ ला पसरलेली कावीळ, हे सगळं याच नदीचं दुखणं आहे. पहिल्या वर्षी त्यात शिरू नका. गणपतीत मूर्तिदानाला आणि निर्माल्य गोळा करायला दोन तास उभ्या राहा. तिथं नदीवर प्रेम करणारी शहरभरची माणसं भेटतात.

एकटीनं काही होतं का? आमच्या गल्लीत २०१९ ला काही घरांतली माणसं वरच्या मजल्यावर अडकली होती. २०२१ ला पाणी तेवढंच आलं, पण यादी होती, आकडा पाठ होता, आणि पाणी लागायच्या आत गल्ली रिकामी झाली होती. सामानाचं नुकसान झालंच. पण बोट बोलवावी लागली नाही.

आता मे महिना आहे. या रविवारी सासऱ्यांना घेऊन नाल्यापासून घरापर्यंत चालत या आणि जुन्या पाण्याच्या खुणा त्यांना दाखवायला सांगा. पुढचे दोन-तीन आठवडे संध्याकाळी घरोघरी बसून यादी पुरी करा. त्यातली आजारपणाची माहिती कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ती कागदावरच असू दे. एक प्रत स्वतःजवळ, एक उंचावरच्या घरात राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे, आणि एक महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. ती देताना पोच घ्यायला विसरू नका.